सोहळा सरला, जुन्या गोव्याचे प्रश्न कायम

सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे अठरावे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. चांदीची पेटी से कॅथेड्रलमधून मिरवणुकीने बॉम जीझस बॅसिलिकेतील आपल्या मूळ जागी परतली. मंडप उतरले, तात्पुरते वाहनतळ मोकळे झाले, फिरती स्वच्छतागृहे ट्रकांवर चढली. परंपरेप्रमाणे पुढचा सोहळा आता २०३४ मध्ये अपेक्षित आहे. दीड महिना सरकार, चर्च आणि पोलीस यंत्रणा एकाच मांडवाखाली काम करते. पण त्या दीड महिन्यानंतर उरलेली दहा वर्षे चारशे वर्षांची ही वास्तू नेमकी कोणाच्या भरवशावर उभी असते, हा प्रश्न प्रत्येक सोहळ्यानंतर मागे राहतो. तो या वेळीही राहिला आहे.

जुने गोवे हे केवळ गोव्यातील कॅथलिकांचे श्रद्धास्थान नाही. ‘गोंयचो सायब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संताच्या फेस्ताला हिंदू कुटुंबेही श्रद्धेने येतात. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार या भागांतून भाविकांचे जथे दिवसेंदिवस पायी चालत येतात आणि ३ डिसेंबरच्या फेस्तापूर्वी, नोव्हेनाच्या नऊ दिवसांत, मांडवीच्या काठावरचे हे शांत गाव पहाटेपासून गजबजते. त्याच वेळी हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. १९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स’ या नावाखाली येथील सात स्मारकांचा समूह त्या यादीत गेला. त्यात बॉम जीझस बॅसिलिकेखेरीज से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च व मठ, सेंट कॅथरीनचे कपेल, सेंट कजेतान चर्च, रोझरी चर्च आणि सेंट ऑगस्टिनच्या मठाचे भग्नावशेष यांचा समावेश होतो. श्रद्धास्थान, राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आणि पर्यटनस्थळ अशा तीन भूमिका एकाच दगडी भिंतींना निभवाव्या लागतात. व्यवस्थापनाचा सारा पेच त्यातून निर्माण झाला आहे.

एक वास्तू, अनेक कारभारी

बॉम जीझसच्या बांधकामाला १५९४ मध्ये प्रारंभ झाला आणि १६०५ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते तिचे पवित्रीकरण झाले. १९४६ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. आज तेथील उपासना, नोव्हेना, फेस्त आणि दैनंदिन धार्मिक कारभार येशूसंघाचे धर्मगुरू आर्चबिशपांच्या अधिकारकक्षेत पाहतात. गोवामुक्तीनंतर ही वास्तू केंद्र-संरक्षित स्मारक ठरली. त्यामुळे भिंती, छप्पर, लाकूडकाम, वेदीमागील सोनेरी कोरीव पडदा यांची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. सभोवतालच्या रस्त्यांची, पाण्याची, वाहतुकीची आणि गर्दीची जबाबदारी राज्य सरकारची. गावातील बांधकामाचे परवाने पंचायतीचे. जमीनवापराचा निर्णय नगर नियोजन खात्याचा. आणि स्मारकाच्या आसपासच्या बांधकामाला संमती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची.

१९५८ चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा अशा ‘जिवंत’ स्मारकांची दखल घेतो. संरक्षित स्मारक उपासनास्थळ असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर होऊ नये, असे त्या कायद्याच्या सोळाव्या कलमात म्हटले आहे. उपासनेचा हक्क त्यामुळे सुरक्षित राहतो. परंतु वास्तूवर हात चालवण्याचा अधिकार मात्र पुरातत्त्व खात्याकडेच राहतो. छपराचे एखादे कौल सरकले, गाभाऱ्यात थेंब पडू लागला, तर ते सर्वप्रथम दिसते तेथे रोज मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूंना. शिडी लावण्याचा अधिकार मात्र त्यांना नसतो. ज्याला दुखणे दिसते त्याच्या हाती औषध नाही आणि ज्याच्या हाती औषध आहे तो रोज तेथे नसतो, अशी ही विभागणी आहे.

याचा अनुभव २०२० मध्ये जाहीरपणे आला. बॅसिलिकेच्या छपराचे काम हाती घेतलेले असताना टाळेबंदी लागू झाली, काम थांबले आणि पावसाळा तोंडावर आला. छप्पर उघडे राहिले तर आतील अमूल्य ठेव्याला धोका पोहोचेल, अशी नाराजी तेव्हा बॅसिलिकेच्या रेक्टरांनी उघडपणे व्यक्त केली होती. महासाथ हे निमित्त अपवादात्मक होते. परंतु त्यामागचे कालगणित मात्र दरवर्षीचे आहे.

कामाला महिने किती?

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ऑक्टोबरमध्ये भिंती वाळू लागतात. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होतो, ३ डिसेंबरला फेस्त, त्यामागून नाताळ आणि नववर्षाची पर्यटकांची गर्दी. या काळात दर्शनी भागावर परांची बांधणे शक्य नसते. म्हणजे छपरावर आणि भिंतींवर खऱ्या अर्थाने काम करण्यास उरतात ते जानेवारी ते मे असे पाच महिने. त्यातच मार्चअखेर सरकारी आर्थिक वर्ष संपते. जुन्या निधीचा हिशेब मिटवणे आणि नव्या निधीची वाट पाहणे यांत मार्च-एप्रिल निघून जातात. निविदा, मंजुरी, कारागिरांची जमवाजमव यांचा मेळ बसेपर्यंत वळवाचे ढग दिसू लागतात.

निसर्ग, धर्म आणि अर्थसंकल्प यांची तीन पंचांगे एकमेकांशी जुळत नाहीत, हे या ठिकाणच्या दिरंगाईचे एक मोठे आणि फारसे चर्चिले न जाणारे कारण आहे. एखाद्या अधिकाऱ्याची बदली करून ते दूर होणारे नाही. कामाचा निधी सलग तीन-चार वर्षांसाठी एकदम मंजूर व्हावा, साहित्य पावसाळ्यातच तयार ठेवावे आणि कामाचा मुख्य टप्पा सणांचा मोसम ओसरताच जानेवारीत सुरू व्हावा, एवढी साधी फेररचना केली तरी पुष्कळ फरक पडू शकतो.

जांभ्याचे दुखणे

बॉम जीझसची आज सर्वपरिचित असलेली लालसर-तपकिरी प्रतिमा ही मूळची नाही, हे अनेक भेटकर्त्यांना ठाऊक नसते. ही वास्तू जांभ्या दगडाची आहे. दर्शनी भागातील खांब व कोरीव कामासाठी मात्र वसईहून आणलेला काळा पाषाण वापरला गेला. जांभ्याच्या भिंतींवर मूळ चुन्याचा गिलावा होता. १९५२ मध्ये संताच्या निधनाला चारशे वर्षे पूर्ण होत होती. त्या सुमारास पोर्तुगीज राजवटीने जुन्या गोव्याच्या जीर्णोद्धाराचा कार्यक्रम आखला आणि त्यासाठी पोर्तुगालहून बाल्ताझार काश्त्रो या वास्तुविशारदाला पाचारण केले. दगड उघडा केला की वास्तू अधिक प्राचीन व अधिक भारदस्त दिसते, ही त्या काळच्या पोर्तुगालमधील जीर्णोद्धाराची धारणा होती. त्या धारणेपोटी बॅसिलिकेचा गिलावा उतरवण्यात आला.

जांभ्याचा गुणधर्म कोकणातील प्रत्येक घरबांधणाऱ्याला माहीत असतो. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. परंतु तो सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांत माती भरलेली असते आणि सततच्या पावसाने ती धुऊन निघते. मग पृष्ठभाग झडू लागतो, सांध्यांमधला चुना सुटतो, फटींत शेवाळ आणि गवत रुजते. मुळे आत शिरली की पाण्याला वाट मिळते. चुन्याचा गिलावा हे अशा दगडाचे पांघरूण असते. पाऊस तो आपल्या अंगावर घेतो, झिजतो, आणि काही वर्षांनी पुन्हा लावता येतो. भिंत झिजण्याऐवजी पांघरूण झिजावे, हा त्यामागील जुना व्यवहार. गोव्यातील इतर चर्चे पावसाळ्यानंतर पांढरी होत, ती केवळ शोभेसाठी नव्हे. बॉम जीझस मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ मांडवीकाठचा पाऊस उघड्या अंगावर झेलते आहे.

आतील ठेवा या भिंतींच्या आणि छपराच्या आश्रयाने उभा आहे. गोव्याच्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडवलेली चांदीची पेटी, टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी पाठवलेला, फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी साकारलेला आणि १६९८ मध्ये येथे बसवला गेलेला संगमरवरी चौथरा, वेदीमागील सोन्याचा मुलामा दिलेले लाकूडकाम, जुनी चित्रे, या प्रत्येकाचा शत्रू एकच: ओल. लाकडाला वाळवी, मुलाम्याला पोपडे आणि चित्रांना बुरशी ओलीमागोमागच येते. स्वतः संताचे अवशेषही आता अत्यंत नाजूक अवस्थेत आहेत. एकेकाळी भाविकांना त्यांचे निकट दर्शन घेता येत असे. नंतर ते काचेआड सुरक्षित ठेवण्यात आले.

गिलावा करावा की करू नये?

गिलावा पुन्हा करावा, ही मागणी गेल्या काही वर्षांत बळावली आहे. वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रातील अनेकांचा आणि चर्चशी संबंधित मंडळींचा कल त्या बाजूने आहे. विरोधी मतही दुर्लक्षिण्यासारखे नाही. गेल्या दोन-तीन पिढ्यांनी लाल बॅसिलिकाच पाहिली आहे. टपाल तिकिटांपासून पर्यटन पुस्तिकांपर्यंत तीच प्रतिमा रुजली आहे आणि १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत प्रवेश झाला तोही याच रूपात. ‘आमची बॅसिलिका पांढरी करू नका’ ही भावना खरी आहे.

या वादात संवर्धनशास्त्राची तत्त्वे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की, वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी केलेल्या योग्य योगदानाचा आदर राखावा. मग १९५० च्या दशकातील कृती हे ‘योगदान’ मानायचे की ‘हानी’? काही नवे जोडले गेले असते तर प्रश्न वेगळा होता. येथे संरक्षक थर काढून टाकला गेला. सनदेतील ‘योग्य’ हा शब्द त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. ज्या बदलामुळे मूळ दगडच झिजतो, त्याचा आदर राखायचा तर अखेरीस आदर राखण्यासाठी दगडच उरणार नाही, हा गिलाव्याच्या समर्थकांचा युक्तिवाद वजनदार आहे.

तथापि, गिलावा ‘कसा’ करायचा हा प्रश्न ‘करायचा की नाही’ इतकाच कळीचा आहे. सिमेंटचा गिलावा जांभ्यावर चढवला तर आतील ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि दगड आतून फुटू लागतो. तसे झाल्यास उपाय आजारापेक्षा घातक ठरेल. विरलेल्या चुन्याचा, गूळ-हिरड्यासारख्या पारंपरिक घटकांचा वापर करून केलेला गिलावा श्वास घेतो; परंतु तो जाणणारे गवंडी आता थोडे आहेत. तो मुरण्यास वेळ लागतो आणि काही वर्षांनी त्याची डागडुजी करावीच लागते. एकदा गिलावा करून पुन्हा वीस वर्षे कोणी फिरकणार नसेल, तर त्या खर्चाला अर्थ राहणार नाही. मागच्या अथवा बाजूच्या एखाद्या भिंतीवर प्रायोगिक पट्टे लावून, त्यांना दोन-तीन पावसाळे दाखवून, ओलीची मोजमापे जाहीर करून मगच निर्णय घ्यावा, हा मध्यममार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा. मोजमापे लोकांसमोर आली तर भावनेचा वादही हळूहळू वस्तुस्थितीच्या पातळीवर येऊ शकेल.

शंभर मीटरची रेषा

भिंतींच्या आत जशी पाण्याची गळती, तशी भिंतींबाहेर कायद्याची गळती. कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. अस्तित्वात असलेल्या घरांची दुरुस्ती मात्र परवानगीने करता येते. गावातील सामान्य रहिवाशांसाठी ही सवलत आवश्यकच आहे; अन्यथा गळके घर शाकारणेही अशक्य होईल. परंतु ‘दुरुस्ती’ या शब्दाच्या आडून नवे बांधकाम उभे राहू शकते, हा धोकाही त्यातच दडलेला आहे.

२०२१ मध्ये सेंट कजेतान चर्चच्या परिसरात मांडवीकाठी उभ्या राहिलेल्या एका बंगल्यावरून जे आंदोलन पेटले, त्याच्या मुळाशी हाच आक्षेप होता. धर्माचा भेद न करता नागरिक रस्त्यावर उतरले, उपोषणे झाली. त्यानंतर नगर नियोजन खात्याला दिलेली परवानगी मागे घ्यावी लागली आणि प्रकरण पुढे कायदेशीर लढ्याचा विषय बनले. बंगल्याचे काय झाले याहून मोठा मुद्दा असा की, एवढ्या यंत्रणांच्या नाकाखालून ते बांधकाम उभे राहूच कसे शकले? प्रत्येक खात्याकडे परवानगीचा एकेक तुकडा होता. संपूर्ण चित्र कोणाकडेच नव्हते.

यावर कायद्यातच उपाय सांगितलेला आहे. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वारसा उपविधी तयार करण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्तीत आहे. उंची किती, छप्पर कोणत्या उताराचे, दर्शनी भाग कसा, पाण्याचा निचरा कोठे, हे त्यात ठरते. जुन्या गोव्यातील स्मारके एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या शंभर-दोनशे मीटरच्या वर्तुळांची एकमेकांत गुंतागुंत होते. अशा ठिकाणी एकेका स्मारकाचा सुटा विचार न करता अख्ख्या गावठाणाचा एकत्रित आराखडा हवा. गावात राहणाऱ्या कुटुंबांनाही त्यातून दिलासा मिळेल, कारण आज त्यांना आपल्या घराबाबत काय चालेल आणि काय चालणार नाही हेच स्पष्टपणे सांगणारे कोणी नाही.

विकास म्हणजे काय?

तीर्थक्षेत्र विकासाचा विषय निघाला की सरकारी कल्पनाशक्ती सहसा तीन गोष्टींवर येऊन थांबते: वाहनतळ, दुकानगाळे आणि रोषणाई. केंद्राने २०१४-१५ मध्ये तीर्थस्थळांसाठी ‘प्रसाद’ योजना सुरू केली. तिच्या पहिल्या यादीत तामिळनाडूतील वेलंकन्नी हे कॅथलिक तीर्थक्षेत्र होते. अशा योजनांचा पैसा भाविकांना लागतोच. पायी चालून आलेल्या वृद्धेला पिण्याचे पाणी, सावली आणि स्वच्छ शौचालय मिळाले पाहिजे, यावर दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न जागेचा आहे. या सुविधा स्मारकांच्या मधोमध उभ्या केल्या, तर ज्या शांततेसाठी लोक येतात तीच नाहीशी होते.

युरोपातील दोन मोठ्या कॅथलिक तीर्थक्षेत्रांनी हा पेच वेगवेगळ्या रीतीने सोडवला. फ्रान्समधील लूर्द येथे गर्दी सामावण्यासाठी १९५८ मध्ये सुमारे वीस हजार लोकांना पुरेल असे भव्य प्रार्थनागृह जमिनीखाली बांधण्यात आले, जेणेकरून गुहेसमोरील मोकळा परिसर झाकला जाऊ नये. पोर्तुगालमधील फातिमा येथे जुन्या बॅसिलिकेला धक्का न लावता विस्तीर्ण पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला २००७ मध्ये नवे प्रार्थनागृह उभे राहिले. अर्थात या ठिकाणांची उदाहरणे जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. जुन्या गोव्यात जमिनीखाली खोदाई म्हणजे जुन्या राजधानीच्या पुरातन अवशेषांवर घाव. सेंट ऑगस्टिनच्या भग्नावशेषांत २००५ मध्ये सापडलेल्या अस्थी जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या असल्याचे नंतर डीएनए चाचणीतून पुढे आले आणि २०२१ मध्ये त्यांतील अवशेष भारताने जॉर्जियाला सुपूर्द केले. ज्या मातीत असा इतिहास दडलेला आहे, तेथे यंत्राचा फावडा चालवताना दहा वेळा विचार करावा लागेल.

लूर्दचा आणखी एक धडा लक्षात घेण्याजोगा आहे. २०१३ च्या जून महिन्यात पुराने तेथील गुहा आणि परिसर पाण्याखाली गेला आणि दुरुस्तीचा मोठा भार पडला. पुढे २०१९ मध्ये व्हॅटिकनने तेथे विशेष प्रतिनिधी नेमला, तेव्हा आर्थिक व व्यवस्थापकीय गणितांपेक्षा आध्यात्मिक प्राधान्य जपण्यावर भर देण्यात आला होता. तीर्थक्षेत्राचे व्यवस्थापन व्यावसायिक व्हावे लागते. पण व्यवस्थापनच तीर्थक्षेत्र गिळू लागले तर धर्मसत्तेलाही हस्तक्षेप करावा लागतो.

वास्तू टिकवून तिला नवा उपयोग देण्याचे एक चांगले उदाहरण जुन्या गोव्यातच आहे. सांता मोनिकाच्या जुन्या मठात असलेले ख्रिस्ती कला संग्रहालय नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. नवी इमारत न बांधता जुन्या इमारतीत दर्जेदार सुविधा देता येते, हे त्याने दाखवून दिले. पर्यटकांचा काही ओघ बॅसिलिकेकडून अशा ठिकाणांकडे वळवता आला, तर गर्दीचा ताणही विभागला जाईल.

देखभाल थांबली की काय होते?

देखभाल करणारे हात नाहीसे झाले की काय होते, याचा पुरावाही बॅसिलिकेपासून काही पावलांवरच उभा आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि सेंट ऑगस्टिनचा भव्य मठ ओस पडला. अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज पर्यटक ज्याची छायाचित्रे घेतात तो मनोरा म्हणजे जांभ्याचाच, एकेकाळी तितकाच समर्थ, पण बेवारस झालेला सांगाडा आहे. से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारला गेलाच नाही. बॉम जीझसच्या उत्तर भिंतीला १८६२ मध्ये धिरे द्यावे लागले, त्या अर्थी तिच्या भिंतींनीही पूर्वी इशारा दिलेला आहे.

बॅसिलिका बेवारस नाही, ही समाधानाची बाब आहे. तिला अनेक वारस आहेत, आणि अडचण तेथेच आहे. पुरातत्त्व खात्याचे २०१४ चे राष्ट्रीय संवर्धन धोरण जिवंत स्मारकांच्या देखभालीत स्थानिक समाजाला सामावून घेण्याची भाषा करते. ती भाषा जुन्या गोव्यात उतरवायची तर एक कायमस्वरूपी व्यवस्थापन समिती हवी. तीत पुरातत्त्व खाते, आर्चडायोसिस, राज्य सरकार, पंचायत आणि स्वतंत्र संवर्धनतज्ज्ञ असावेत. सोहळ्यापुरती समिती आजवर प्रत्येक वेळी बनली, राबली आणि विसर्जित झाली. ती विसर्जित न करणे एवढाच बदल अपेक्षित आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा छपराची व भिंतींची संयुक्त पाहणी, तिचा जाहीर अहवाल, तातडीच्या किरकोळ दुरुस्तीसाठी स्थानिक पातळीवरच खर्चाचे अधिकार आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची गोव्यातच तयार केलेली एक तुकडी, या चार गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. लागते ती सातत्याची शिस्त.

१९६४ पासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या सोहळ्याने एक अनपेक्षित सोय करून ठेवली आहे. सरकारच्या कोणत्याही कामाला इतकी निश्चित अंतिम तारीख सहसा नसते. २०३४ येईपर्यंत प्रायोगिक गिलाव्याचे निष्कर्ष हाती येऊ शकतात, छपराचे काम टप्प्याटप्प्याने पूर्ण होऊ शकते, वाहनतळ व भाविकांच्या सुविधा स्मारक परिसराबाहेर कायमस्वरूपी उभ्या राहू शकतात आणि गावठाणाचा आराखडा रहिवाशांच्या संमतीने मंजूर होऊ शकतो. हे घडले नाही, तर २०३४ च्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा घाईघाईने डांबर पडेल, मंडप उभे राहतील आणि लाखो भाविक शिस्तीने रांगेत उभे राहून दर्शन घेऊन जातील. भाविक आपले कर्तव्य दर दहा वर्षांनी चोख बजावतात. मधल्या दहा पावसाळ्यांचा हिशेब मात्र कारभाऱ्यांनाच द्यावा लागेल.